पाट्या टाकणं की जीव ओतणं? कर्मचाऱ्यांच्या एंगेजमेंटचा अभ्यास पायरी-पायरीने

वर्षातून एकदा सगळ्यांना तो मेल येतो. ‘तुमचं मत आमच्यासाठी मोलाचं आहे.’ चाळीस-पन्नास प्रश्न, दहा मिनिटं, शेवटी आभाराचं पान. दोन-तीन महिन्यांनी वरिष्ठांच्या बैठकीत पडद्यावर एक आकडा येतो. मागच्या वर्षीपेक्षा दोनाने वाढलेला असेल तर टाळ्या, दोनाने घसरलेला असेल तर एचआरकडे रोखलेल्या नजरा. मग पुढच्या वर्षी पुन्हा तोच मेल. मधल्या काळात ज्यांनी उत्तरं दिली त्यांना काहीच कळत नाही. तिसऱ्या वर्षी ते सगळीकडे ‘सहमत’ दाबून मोकळे होतात.

हे घडतं कारण कामाचा क्रम उलटा असतो: आधी प्रश्नावली, मग आकडे, आणि ‘आता याचं करायचं काय’ हा विचार सगळ्यात शेवटी. खाली दिलेला क्रम बरोबर त्याच्या उलट आहे. तुम्ही एचआरमध्ये असा, एखाद्या विभागाचे प्रमुख असा किंवा व्यवस्थापनाचा प्रकल्प करणारे विद्यार्थी, पायऱ्या त्याच राहतात.

सुरुवातीला शब्द नीट लावून घेऊ

‘एंगेजमेंट’साठी मराठीत सर्वमान्य प्रतिशब्द नाही, पण ती गोष्ट मात्र आपल्याला नेमकी ठाऊक आहे. एखादा माणूस कामात जीव ओततो, एखादा पाट्या टाकतो. तोच माणूस सकाळी एका कामात जीव ओततो आणि दुपारी दुसऱ्या कामात पाट्या टाकतो, हेही आपण पाहिलेलं असतं. विल्यम कान या संशोधकाने १९९० साली नेमकं हेच मांडलं. त्यांनी उन्हाळी शिबिरातले मार्गदर्शक आणि वास्तुविशारदांच्या एका फर्ममधले लोक असे दोन अगदी वेगळे गट जवळून पाहिले. त्यांच्या मते माणूस नकळत स्वतःला तीन प्रश्न विचारत असतो. या कामात काही अर्थ आहे का? इथे मी मोकळेपणाने वागलो-बोललो तर महागात तर पडणार नाही ना? आणि आज माझ्यात तेवढं त्राण उरलंय का?

यातून एक मोठी गोष्ट निघते, ती बहुतेक अहवाल विसरतात. एंगेजमेंट हा माणसाचा पिंड नव्हे. काम, आजूबाजूची माणसं आणि वेळ यांच्यामधून ती अवस्था तयार होते. ‘एंगेज्ड लोकच भरती करा’ असा सल्ला कुणी दिला तर त्याला कान यांचा लेख वाचायला सांगावा.

समाधान ही वेगळी चीज आहे. वेळेवर पगार, घराजवळ ऑफिस आणि कुणाचा त्रास नाही, एवढ्यावर माणूस पूर्ण समाधानी असू शकतो आणि तरीही कामात त्याचं मन नसतं. निष्ठा तर आणखी निराळी: दुसरीकडे कुठे जाता येत नाही म्हणून पंधरा वर्षं टिकलेला माणूस आकडेवारीत निष्ठावंत दिसतो.

मोजमापाच्या साधनांमध्येही हा घोळ आहे. नेदरलँड्समधल्या उट्रेख्तच्या विल्मार शाउफेली आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २००२ साली प्रसिद्ध केलेली मोजपट्टी तीन गोष्टी मोजते: कामातली ऊर्जा, समर्पण आणि तल्लीनता. मूळ १७ विधानं, पुढे ९ आणि नंतर तर फक्त ३ विधानांची आवृत्तीही आली. गॅलप या अमेरिकी सर्वेक्षण कंपनीची १२ प्रश्नांची प्रश्नावली मात्र मनाच्या अवस्थेपेक्षा परिस्थितीबद्दल विचारते: तुमच्याकडून काय अपेक्षित आहे हे तुम्हाला ठाऊक आहे का, कामाला लागणारं साहित्य मिळतं का. म्हणजे पहिली पट्टी ताप मोजते आणि दुसरी पाणी कुठलं पिता ते विचारते. दोन्ही उपयोगी आहेत, पण एकीचा आकडा दुसरीच्या आकड्याशेजारी ठेवता येत नाही. ‘जगात २०२४ मध्ये फक्त २१ टक्के कर्मचारी एंगेज्ड होते’ हा गॅलपचा आकडा गॅलपच्या व्याख्येनुसार आहे. बातमीसाठी तो ठीक आहे, तुमच्या संस्थेत उद्या काय करायचं हे तो सांगत नाही.

पायरी १ : प्रश्नाआधी निर्णय

कोरा कागद घ्या आणि त्यावर लिहा: या अभ्यासानंतर कोण, कुठला निर्णय, कधीपर्यंत घेणार आहे? उत्तर सुचत नसेल तर अभ्यास थांबवा. हे कठोर वाटेल, पण लोकांना विचारणं म्हणजे अर्धं वचन देणं असतं. न विचारता चाललं असतं, पण विचारून गप्प बसलात तर होता तो विश्वासही जातो.

‘आपल्याकडे एंगेजमेंट कशी आहे?’ हा संशोधनाचा प्रश्न होऊ शकत नाही, कारण त्याचं कुठलंही उत्तर आलं तरी पुढे काय हे ठरत नाही. त्याऐवजी ‘रुजू झाल्यापासून वर्षाच्या आत सोडून जाणाऱ्यांचं मन नेमकं कुठल्या टप्प्यावर उठतं?’, ‘रात्रपाळीतले लोक सूचना देणं का थांबवतात?’, ‘बढती मिळून नव्याने टीम सांभाळणाऱ्यांना पहिल्या सहा महिन्यांत कशाची चणचण भासते?’ असे प्रश्न घ्या. यांच्या उत्तरावर काहीतरी करता येतं.

इथे एक युक्ती फार कामाला येते. माहिती गोळा करण्याआधीच अंतिम अहवालातले तक्ते रिकामे आखून ठेवा. रकाने, ओळी, शीर्षकं सगळं तयार, फक्त आकडे नाहीत. मग ज्यांच्या हातात निर्णय आहे त्यांच्यासमोर तो कागद ठेवून विचारा, ‘इथे ३० आला तर तुम्ही काय कराल? ७० आला तर?’ दोन्ही वेळा उत्तर एकच आलं तर तो प्रश्न प्रश्नावलीतून काढून टाका. निम्मी प्रश्नावली इथेच गळून पडते, आणि ते बरंच होतं.

पगारवाढीला पैसे नाहीत हे आधीच ठरलं असेल तर ‘पगाराबद्दल समाधानी आहात का’ हे विचारू नका. उत्तर सगळ्यांना माहीत आहे आणि विचारल्याने फक्त जखम उघडी पडते.

पायरी २ : घरात आहे ते आधी बघा

हजेरी, रजा, ओव्हरटाइम, राजीनामे, अंतर्गत बदल्यांचे अर्ज, तक्रारी, अपघातांच्या नोंदी. हे सगळं संस्थेकडे पडून असतं आणि ते प्रश्नावलीपेक्षा प्रामाणिक असतं, कारण ते कुणी तुम्हाला खूश करायला भरलेलं नसतं. शुक्रवार-सोमवारच्या अचानक रजा एकाच विभागात साचत असतील, एका व्यवस्थापकाच्या हाताखालून बदली मागणाऱ्यांची रांग लागली असेल, तर तिथे आधी जा.

नोकरी सोडताना होणाऱ्या मुलाखतीवर मात्र फार भिस्त ठेवू नका. जाणाऱ्या माणसाला अनुभवाचं पत्र हवं असतं, पुढे कुठेतरी गाठ पडणार असते, म्हणून तो ‘चांगली संधी मिळाली’ असं सांगून निघतो. शक्य असेल तर सोडून गेल्यावर चार-सहा महिन्यांनी, संस्थेबाहेरच्या कुणाकडून तेच विचारून घ्या. उत्तर बदलतं.

पायरी ३ : ऐकणं

माझा सगळ्यात जास्त भर या पायरीवर आहे, आणि बहुतेक संस्था नेमकी हीच गाळतात.

अमेरिकेतल्या वेस्टर्न इलेक्ट्रिक कंपनीच्या हॉथॉर्न कारखान्यात १९२४ ते १९३२ या काळात जे प्रयोग झाले ते दिव्यांच्या उजेडाच्या प्रयोगामुळे प्रसिद्ध आहेत. पण त्यातला मुलाखतींचा भाग मला जास्त शिकवणारा वाटतो. वीस हजारांहून अधिक कामगारांशी तिथे बोललं गेलं. सुरुवातीला मुलाखतकार ठरलेले प्रश्न घेऊन बसायचे; लोक उत्तर द्यायचे आणि लगेच आपल्या मनातल्या भलत्याच विषयाकडे वळायचे. शेवटी संशोधकांनी प्रश्नांची यादी बाजूला ठेवली आणि माणूस जिकडे नेईल तिकडे जायचं ठरवलं. आपण महत्त्वाचं समजतो ते आणि लोकांना डाचतं ते यांत केवढं अंतर असतं, हे तिथे उघड झालं.

किती लोकांशी बोलावं? २००६ साली घाना आणि नायजेरियातल्या ६० मुलाखतींच्या आधारे ग्रेग गेस्ट आणि सहकाऱ्यांनी दाखवलं की एकसारख्या गटात पहिल्या बारा मुलाखतींतच बहुतेक मुद्दे पुढे येतात. ‘एकसारख्या’ हा शब्द महत्त्वाचा आहे. दिवसपाळी आणि रात्रपाळी, कायम आणि कंत्राटी, दुकानात उभे राहणारे आणि मुख्यालयात बसणारे हे वेगवेगळे गट धरा आणि प्रत्येक गटातून दहा-बारा जणांना भेटा. व्यवस्थापकांनी सुचवलेली नावं घेऊ नका. यादीतून चिठ्ठ्या टाका.

मत विचारू नका, प्रसंग विचारा. ‘तुम्हाला इथे सन्मान मिळतो का?’ यावर ‘हो, मिळतो’ याखेरीज काय मिळणार? त्याऐवजी:

- ‘गेल्या महिन्याभरातला असा एखादा दिवस सांगा, की घरी जाताना बरं वाटलं. त्या दिवशी काय झालं होतं?’
- ‘आणि असा दिवस, की मध्येच उठून जावंसं वाटलं?’
- ‘एखादी चूक दिसली पण बोलला नाहीत, असं शेवटचं कधी झालं?’
- ‘काल दिवसभरात कशाची वाट बघण्यात वेळ गेला?’

शेवटचा प्रश्न साधा दिसतो, पण तो सोन्यासारखा आहे. मंजुरीची वाट, पासवर्डची वाट, कुणीतरी पळवलेल्या यंत्राच्या भागाची वाट. लोकांचं मन कामातून उडण्याची कारणं पुष्कळदा अशी रुक्ष असतात. मानसशास्त्र पुढची गोष्ट, आधी साहित्य वेळेवर पोहोचतं का ते बघा.

मुलाखत घेणारा माणूस मुलाखत देणाऱ्याचा साहेब नसावा, साहेबाचा उजवा हातही नसावा. रेकॉर्डिंग करायचं तर आधी स्पष्ट परवानगी घ्या. माणूस अवघडला असेल तर सरळ बंद करा आणि हाताने टिपणं काढा. बोलणाऱ्याचे शब्द जसेच्या तसे लिहा. ‘संवादाचा अभाव’ असं लिहिलंत की सगळं हरवतं. ‘निर्णय आम्हाला चहावाल्याकडून कळतात’ असं कुणी म्हटलं असेल तर तेच लिहा. पुढे प्रश्नावलीतली विधानं याच शब्दांतून घडवायची आहेत.

पायरी ४ : प्रश्नावली

तयार मोजपट्टी घ्यावी की आपली बनवावी? माझं उत्तर: एंगेजमेंटचा गाभा मोजायला तयार, सिद्ध झालेली छोटी पट्टी वापरा; तुमच्या संस्थेतल्या कारणांसाठी मात्र मुलाखतींतून निघालेली स्वतःची विधानं लिहा. वापरण्याआधी हक्कांची चौकशी करा. उट्रेख्तची पट्टी बिगर-व्यावसायिक संशोधनाला मोफत वापरता येते, गॅलपचे प्रश्न स्वामित्वहक्काखाली आहेत.

भाषांतराकडे फार कमी लोक लक्ष देतात. एकाने मराठीत करावं, मूळ न पाहिलेल्या दुसऱ्याने ते परत मूळ भाषेत न्यावं, आणि दोन्ही शेजारी ठेवून फरक शोधावेत. शब्दशः केलेलं भाषांतर कसं फसतं बघा: तल्लीनतेबद्दलच्या विधानाचं ‘मी कामात हरवून जातो’ असं केलंत तर कुणी त्याचा अर्थ ‘मला काही सुधरत नाही’ असाही घेईल. ‘काम करताना वेळ कसा गेला ते कळत नाही’ हे प्रत्येकाला कळतं.

मराठीची आणखी एक अडचण म्हणजे क्रियापदाचं लिंग. ‘मी उत्साहाने कामाला येतो’ हे वाक्य निम्म्या वाचकांना परकं वाटतं, आणि प्रत्येक ठिकाणी ‘येतो/येते’ लिहिलं की कागद अर्जासारखा दिसतो. ‘मला सकाळी कामावर यावंसं वाटतं’ अशी रचना केली की प्रश्नच मिटतो. ‘मला’, ‘माझ्याकडे’, ‘आमच्या टीममध्ये’ यांनी सुरू होणारी विधानं लिहायची सवय लावून घ्या.

बाकी पथ्यं थोडक्यात. एका विधानात दोन गोष्टी नकोत. ‘माझे वरिष्ठ न्यायी आणि मदत करणारे आहेत’ याला, वरिष्ठ न्यायी पण आळशी असतील तर, काय उत्तर द्यायचं? ‘नेहमी’, ‘कधीच’ हे शब्द विधानात टाळा. ‘सहमत–असहमत’पेक्षा ‘किती वेळा’ हे विचारता आलं तर उत्तम, कारण ‘सहमत’ म्हणत सुटण्याची सवय पुष्कळांना असते आणि ‘महिन्यातून किती वेळा’ याला थोडं आठवावं लागतं. ‘लागू नाही’ हा पर्याय ठेवा. एकूण विधानं पंचवीसच्या आत. शेवटी मोकळी जागा सोडून एकच प्रश्न: ‘एक गोष्ट बदलता आली तर कुठली?’

मानसिक सुरक्षिततेबद्दल विचारायला विसरू नका, म्हणजे चूक कबूल केल्यावर किंवा अडचण मांडल्यावर डोकं उडवलं जाणार नाही हा भरवसा. एमी एडमंडसन यांनी १९९९ साली एका उत्पादक कंपनीतल्या ५१ टीम्सच्या अभ्यासात दाखवलं की असा भरवसा असलेल्या टीम जास्त शिकतात. ‘आमच्या टीममध्ये झालेली चूक लगेच सांगता येते’ एवढं विधानही बरंच काही सांगून जातं.

मग हे सगळं आठ-दहा जणांना द्या आणि शेजारी बसून त्यांना मोठ्याने विचार करत भरायला सांगा. ते जिथे थांबतात, भुवया वर करतात, ‘म्हणजे नेमकं काय?’ म्हणतात, तिथे खूण करा. ही एक दुपार तुमचा महिना वाचवते.

पायरी ५ : नाव कळणार नाही, याची खात्री

निनावी आणि गोपनीय हे दोन शब्द लोक एकमेकांच्या जागी वापरतात. निनावी म्हणजे कुणी भरलं हे संशोधकालाही कळूच शकत नाही. गोपनीय म्हणजे संशोधकाला कळू शकतं, पण तो सांगणार नाही. प्रत्येकाला वेगळी लिंक पाठवली असेल तर ते निनावी नाही. तसं लिहूही नका. लोक मूर्ख नसतात, लिंकमधले आकडे त्यांनाही दिसतात.

ठरावीक संख्येपेक्षा लहान गटाचा निकाल दाखवायचा नाही, हा नियम आधीच जाहीर करा. पाच जण ही बऱ्याच ठिकाणी वापरली जाणारी किमान मर्यादा आहे, संवेदनशील प्रश्नांना दहा. पण एवढ्याने भागत नाही. समजा बारा जणांच्या विभागाचा निकाल दाखवला आणि त्यातल्या नऊ पुरुषांचाही वेगळा दाखवला. उरलेल्या तीन स्त्रियांचा निकाल वजाबाकीने कुणीही काढेल. वय, लिंग, पद, नोकरीची वर्षं हे सगळे रकाने एकत्र आले की पन्नास माणसांच्या ऑफिसात जवळजवळ प्रत्येक माणूस एकटा ओळखू येतो. पायरी १ मधल्या रिकाम्या तक्त्यात जो रकाना लागत नाही तो विचारूच नका.

मोकळ्या उत्तरांतून नावं, पदं, ओळखीचे वाक्प्रयोग काढूनच ती पुढे द्या. ‘हे कुणी लिहिलंय?’ हा प्रश्न वरून येतोच. त्याचं उत्तर देणार नाही हे अभ्यास सुरू होण्याआधी लेखी ठरलेलं असावं.

पायरी ६ : प्रश्नावली लोकांपर्यंत नेणं

तीनशे माणसं असतील तर नमुना न काढता सगळ्यांनाच विचारा; थोड्यांनाच विचारलं की उरलेल्यांना वगळल्यासारखं वाटतं. किती उत्तरं पुरेशी, याचा ढोबळ हिशेब असा: ९५ टक्के खात्री हवी असेल आणि आकडा ५ टक्क्यांनी इकडे-तिकडे झालेला चालणार असेल तर ३०० जणांमधून १६९, ३,००० मधून सुमारे ३४१, पण ५० मधून जवळपास ४५ उत्तरं लागतात. लहान गटात जवळजवळ सगळेच हवेत, हे लक्षात येत नाही आणि लोक सगळीकडे ‘साठ टक्के पुरे’ म्हणत राहतात.

शिवाय हा हिशेब, उत्तर देणारे चिठ्ठ्या टाकून निवडल्यासारखे आले असं धरून चालतो. तसं नसतं. पाट्या टाकणारा माणूस प्रश्नावलीवरही पाट्या टाकतो, किंवा ती उघडतच नाही. म्हणून कुठल्या विभागातून, कुठल्या पाळीतून उत्तरं कमी आली ते बघा. ती शांतता हाच एक निष्कर्ष असतो. ज्यांना ऑफिसचा मेल नाही त्यांच्यासाठी कागद किंवा फोन ठेवा आणि भरायला कामाच्या वेळेतली पंधरा मिनिटं द्या. ‘घरी जाऊन भरा’ म्हणालात तर पहिल्याच प्रश्नाचं उत्तर तुम्ही स्वतः दिलंत.

प्रतिसादाच्या टक्केवारीवर व्यवस्थापकांची स्पर्धा लावू नका. ते मग लोकांच्या मागे उभे राहून भरून घेतात.

पायरी ७ : आकडे वाचणं

सरासरीने सुरुवात करू नका. दहा जणांच्या एका टीममध्ये सगळ्यांनी पाचपैकी तीन गुण दिले. दुसरीत पाच जणांनी एक आणि पाच जणांनी पाच दिले. दोन्हींची सरासरी तीन. पहिली टीम कंटाळलेली आहे, दुसरीत उभी फूट आहे. दोन्हींना एकच औषध कसं चालेल? आधी प्रत्येक प्रश्नाची विभागणी पाहा, मग सरासरी.

लहान टीमच्या वर-खाली होण्यावर नाचू नका. पाच जणांत एकाने चारऐवजी दोन दिले की सरासरी ०.४ ने घसरते. त्या आठवड्यात त्याचं मूल आजारी असेल.

स्वतः बनवलेल्या विधानांचा एकत्रित गुण काढणार असाल तर ती विधानं एकमेकांशी जुळतात का हे तपासावं लागतं. त्यासाठी १९५१ पासून क्रॉनबाखचा अल्फा हा आकडा वापरला जातो; तो १ च्या जितका जवळ तितकी विधानं जुळतात, ०.७० च्या वर असेल तर साधारणपणे चालवून घेतात. फार वर, ०.९५ च्या पुढे गेला तर बहुधा तुम्ही एकच प्रश्न शब्द बदलून पाच वेळा विचारलाय.

आता सगळ्यात निसरडी जागा. ‘एंगेजमेंट वाढली की नफा वाढतो’ हे वाक्य प्रत्येक सादरीकरणात असतं. हार्टर, श्मिट आणि हेज यांनी २००२ साली ३६ कंपन्यांमधल्या ७,९३९ विभागांची माहिती एकत्र करून दाखवलं की जिथे कर्मचाऱ्यांचे गुण चांगले तिथे ग्राहक, नफा, उत्पादकता, टिकून राहणं हेही सरासरीने बरं असतं. संबंध आहे, यात वाद नाही. पण कोण कुणामुळे? बेंजामिन श्नायडर आणि सहकाऱ्यांनी २००३ साली ३५ कंपन्यांची आठ वर्षांची माहिती तपासली, तेव्हा एकूण समाधान आणि नोकरीची सुरक्षितता यांच्या बाबतीत उलट दिशा जास्त ठळक दिसली: कंपनीचं बरं चाललं की लोक समाधानी होतात. विचार केला तर नवल नाही. जिंकणाऱ्या संघाच्या ड्रेसिंग रूममध्ये सगळ्यांचं सगळ्यांशी पटतं.

त्यातच एकाच माणसाने, एकाच वेळी, एकाच कागदावर ‘माझे वरिष्ठ चांगले’ आणि ‘माझं कामात मन लागतं’ असं दोन्ही भरलेलं असतं. त्या दिवशीचा मूड दोन्ही उत्तरांत उतरतो आणि संबंध आहे त्याहून घट्ट दिसतो. म्हणून प्रश्नावलीतले गुण पायरी २ मधल्या नोंदींशी ताडून पाहा: ज्या टीममध्ये गुण कमी तिथे पुढच्या सहा महिन्यांत राजीनामे खरंच जास्त आले का?

पायरी ८ : परत जाऊन सांगणं

चार आठवड्यांच्या आत. तोवर अहवाल सुंदर झाला नसेल तरी चालेल. सांगायचं तीन भागांत: आम्ही काय ऐकलं, त्यातलं काय आणि कधी करणार, आणि काय करणार नाही व का. तिसरा भाग टाळण्याचा मोह फार होतो, पण लोक नकार पचवू शकतात, मौन नाही.

टीमचा निकाल टीमसमोर ठेवताना व्यवस्थापकाने खुलासे देऊ नयेत. ‘हा आकडा बघून तुम्हाला कुठला प्रसंग आठवतो?’ एवढं विचारावं आणि गप्प बसावं. गप्प बसणं जमत नसेल तर बैठक दुसऱ्याने चालवावी.

पायरी ९ : बदल, आणि बदलाची परीक्षा

इथे एक सरळ निवड असते. माणसाला बदलायचं की कामाला? संस्थांना पहिला मार्ग आवडतो: ध्यानाचं ॲप, ताण हाताळण्याची कार्यशाळा. विल्यम फ्लेमिंग यांनी २०२४ साली ब्रिटनमधल्या २३३ संस्थांतल्या ४६,३३६ कर्मचाऱ्यांची माहिती तपासली. अशा वैयक्तिक उपक्रमांत भाग घेतलेले लोक न घेतलेल्यांपेक्षा बरे असल्याचं दिसलं नाही. स्वयंसेवेच्या कामाची संधी हा एक अपवाद. ॲप वाईट नसतं, पण तेरा तासांची पाळी ॲपने बारा तासांची होत नाही.

कामाकडे पाहायचं तर २००१ साली डेमेरूटी, बाकर आणि सहकाऱ्यांनी मांडलेली चौकट हाताशी ठेवा. एका बाजूला कामाच्या मागण्या: वेग, ताण, गोंधळ. दुसऱ्या बाजूला कामाची संसाधनं: स्वातंत्र्य, मदत, वेळेवर मिळणारा अभिप्राय. मागण्या वाढत गेल्या की माणूस थकतो. संसाधनं आटली की मन उडतं. पाट्या टाकणाऱ्या टीमला बऱ्याचदा ‘प्रेरणा’ दिली जाते, जेव्हा तिला हवी असते ती एक जादा व्यक्ती, किंवा एक मंजुरी कमी.

बदल लहानही असू शकतो. ॲडम ग्रँट यांच्या २००७ सालच्या प्रयोगात विद्यापीठासाठी फोनवर देणग्या मागणाऱ्यांपैकी काहींना, त्या पैशातून शिष्यवृत्ती मिळालेल्या एका विद्यार्थ्याशी थोडा वेळ भेटवलं. महिन्याभराने ते फोनवर १४२ टक्के जास्त वेळ घालवत होते आणि १७१ टक्के जास्त पैसे जमवत होते. एवढी उडी तुमच्याकडे पडेल अशी आशा धरू नका. पण आपल्या कामाचं पुढे काय होतं हे तुमच्या लोकांनी शेवटचं कधी डोळ्यांनी पाहिलं, ते मात्र विचारा.

परीक्षा कशी घ्यायची, याचा चांगला नमुना ट्रिप डॉट कॉम या प्रवासाचं बुकिंग करणाऱ्या चिनी कंपनीतल्या प्रयोगात मिळतो. निकोलस ब्लूम आणि सहकाऱ्यांनी तो २०२४ साली प्रसिद्ध केला. १,६१२ कर्मचाऱ्यांपैकी कुणी आठवड्यातले दोन दिवस घरून काम करायचं हे जन्मतारीख सम की विषम यावरून ठरवलं. सहा महिन्यांत घरून काम करणाऱ्या गटात राजीनामे एक-तृतीयांशाने कमी झाले, कामाच्या मूल्यमापनात फरक पडला नाही. आणि आधी साशंक असलेल्या व्यवस्थापकांचं मत प्रयोगानंतर बदललं. हेवा वाटावा तो या रचनेचा: कुणाला मिळालं, कुणाला नाही, यात वशिल्याला जागाच नाही.

तुमच्याकडे एवढे लोक नसतील तर बदल टप्प्याटप्प्याने लागू करा. सहा टीम असतील तर चिठ्ठ्या टाकून तीन आता, तीन चार महिन्यांनी. मधल्या काळात उरलेल्या तीन टीम तुलनेसाठी मिळतात आणि शेवटी कुणी वंचितही राहत नाही. फक्त सर्वांत कमी गुणांच्या टीमवर उपाय करून ‘बघा, सुधारली’ असं म्हणू नका. तळाशी असलेला आकडा पुढच्या खेपेला काहीही न करता थोडा वर येतोच.

पायरी १० : पुन्हा मोजणं

शब्द न बदलता तेच प्रश्न, वर्षाच्या त्याच सुमाराला. हिशेबपूर्तीच्या महिन्यातले गुण सुट्ट्यांनंतरच्या महिन्याशी ताडू नका. दर महिन्याला चार प्रश्न विचारण्याची फॅशन आहे. मागच्या महिन्याच्या उत्तरांवर काही करायला महिना पुरणार असेल तरच ती पाळा.

आणि एंगेजमेंटचा गुण व्यवस्थापकाच्या बोनसला जोडू नका. जोडलात की प्रश्नावली जाण्याच्या आदल्या आठवड्यात पार्टी ठरते, आणि ‘सगळ्यांनी नीट भरा हं’ असं हसत सांगितलं जातं. पुढच्या फेरीत एखाद्या टीमचे गुण अचानक पाचपैकी पाच आले, सगळ्यांचे, सगळ्या प्रश्नांना, तर अभिनंदनाचा मेल पाठवण्याआधी त्या टीममधल्या दोघांशी बाहेर कुठेतरी बसून बोला.